निमो कुठून आला?

मागे आवाज पोचतोय ना? बरं.

आजचा विषय कळवल्यावर आयोजकांचा मला दोनदा फोन आला. "सर, विषय नक्की मासेच ना?" मी म्हटलं, हो, मासेच. आयुष्यभर मी मुलांना तत्त्वज्ञान शिकवलं. कांट शिकवला, मिल शिकवला, परीक्षेत त्यांच्यावर दहा-दहा मार्कांचे प्रश्न घातले. पण गेले दोन महिने ज्या प्रश्नाने माझी झोप उडवली आहे, तो माझ्या दहा वर्षांच्या नातवाने विचारलेला आहे, आणि त्याला किती मार्क ठेवावेत हे मला अजून कळलेलं नाही.

झालं असं. नातवाने तो 'फाइंडिंग निमो' नावाचा चित्रपट पाहिला. एकदा नाही, किमान वीस वेळा. मग वाढदिवसाला काय हवं, तर निमो हवा. मी आजोबा, म्हणजे 'नाही' म्हणायचं खातं माझ्याकडे नाही. दोघं दुकानात गेलो. तिथे शेजारी शेजारी दोन टँक होते. दोन्हीत तोच मासा, नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे. दुकानदार म्हणाला, "काका, हा ब्रीड केलेला आहे, टँकमध्येच जन्मलेला. आणि हा वाइल्ड, समुद्रातून पकडलेला." दोघांच्या भावात फरक होता. नातू बराच वेळ दोन्ही काचांना नाक लावून उभा होता. मग मला म्हणाला, "आबा, यातला खरा निमो कुठला?"

आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. वाढदिवस होऊन गेला. त्या प्रश्नाचं मी काय केलं, ते आज सांगणार आहे.

सुरुवात चित्रपटापासून करू, कारण या माशाबद्दल आपल्या डोक्यात जे आहे ते बहुतेक तिथूनच आलंय. २००३ साली पिक्सारने काढलेला, अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला. कथा तुम्हाला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवरून एका पाणबुड्याने पिल्लू पकडून नेलं, ते सिडनीतल्या दाताच्या डॉक्टरच्या टँकमध्ये पोचलं, आणि बाप त्याला शोधत समुद्र ओलांडून आला. मी तो नातवाबरोबर पाहिला तेव्हा दोन जागी थांबवायला लावला.

पहिली जागा. डॉक्टर आपल्या पेशंटला टँक दाखवताना सांगतो की हे पिल्लू भित्तीवर मरणाशी झुंजत होतं, मी त्याला वाचवलं. प्रेक्षक हसतात, कारण त्यांनी खरं काय झालं ते पाहिलेलं असतं. पण तो माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला मनापासून तसं वाटतं. पकडणाऱ्याला आपण वाचवणारे आहोत असं वाटणं ही माणसाची फार जुनी खोड आहे, आणि लहान मुलांच्या सिनेमात ती एका वाक्यात दाखवली, याबद्दल लेखकांना पूर्ण मार्क.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची. टँकमधले जुने मासे निमोला विचारतात, तू कुठल्या दुकानातला? तो म्हणतो, मी समुद्रातला. सगळे थक्क. कारण त्यांच्यात समुद्र पाहिलेला एकच, गिल नावाचा, अंगावर व्रण असलेला. बाकीचे आपापलं मूळ गाव सांगतात तेव्हा कुणी दुकानाचं नाव सांगतो, कुणी म्हणतो टपालाने आलो, कुणी म्हणतो ईबेवरून. विनोद छान आहे. पण विचार करा. दुकान हे कुणाचं गाव असतं का? दुकानात यायच्या आधी ते मासे कुठे होते? कुणाच्या तरी हौदात जन्मले होते, की पिशवीत घालून विमानाने आले होते आणि आता विसरले होते? चित्रपट प्रश्नाच्या अगदी दाराशी आला, हसला आणि पुढे गेला. शेवटी सगळेच समुद्रात पोचतात, प्लास्टिकच्या पिशव्यांत बसून. जन्म कुठेही झालेला असो, जागा समुद्रच, असं चित्रपटाचं उत्तर. माझी पहिली तक्रार इथे आहे. गिल हा 'मूरिश आयडॉल' जातीचा मासा. त्याच्या बाबतीत ते उत्तर खरंच आहे, कारण हौशी लोकांच्या टँकमध्ये तो बहुधा खाणं सोडतो आणि मरतो. पण टँकमध्ये जन्मलेल्या, हातातून दाणे खाणाऱ्या, शिकारी मासा कधी न पाहिलेल्या जिवाला बंदरात सोडणं ही मुक्ती आहे, असं मला तरी म्हणवत नाही.

जाता जाता एक गंमत. या जातीत सगळे मासे आधी नर असतात. गटातला सर्वांत मोठा मासा तेवढा मादी. ती मेली की तिचा जोडीदार नर स्वतः मादी होतो. म्हणजे आई गेल्यावर निमोचा बाप काही महिन्यांत निमोची आई झाला असता. नातवाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग सिनेमाच बदलेल." बदलेलच. (हशा)

आता चित्रपटावरचा एक आरोप, जो मला अन्यायाचा वाटतो. निमो पाहून जगभरच्या मुलांनी मासे मागितले आणि त्यापायी प्रवाळभित्ती ओस पडल्या, असं वर्षानुवर्षं छापून येतंय. मिलिट्झ आणि फोल या दोन संशोधकांनी २०१७ साली हा दावा तपासला, आणि त्याला आधार देईल असं फारसं काही त्यांना सापडलं नाही. व्यापार आधीपासूनच मोठा होता. मे २००४ ते मे २००५ या एका वर्षाच्या आयातीच्या कागदपत्रांवरून काढलेला हिशोब असा की एकट्या अमेरिकेत १८०० हून जास्त जातींचे १ कोटी १० लाखांहून जास्त समुद्री मासे आले, त्यातले बरेचसे फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून. एका कार्टूनच्या डोक्यावर एवढा व्यापार टाकणं म्हणजे सोयीचा आरोपी शोधणं आहे.

आता येतो माझ्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे त्या दुकानातल्या दोन काचांकडे. या छंदातल्या जाणत्या माणसांना विचारलंत तर एकच वाक्य ऐकू येतं: पैदास केलेला घ्या, तेच नैतिक. हे वाक्य चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या एका वाक्याच्या पोटात निदान तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर मिळालं की तिन्ही सुटले असं आपण धरून चालतो. तर्कशास्त्राच्या वर्गात मी याचे मार्क कापत असे.

पहिला प्रश्न समुद्राचा. समुद्रातून मासा काढल्याने मागे काय उरतं? इथे लोक लगेच सायनाइडचं नाव काढतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून हे चालत आलंय. गोळ्या पाण्यात विरघळवून दाबायच्या बाटलीने भित्तीच्या फटीत फवारा मारायचा, मासा गुंगतो, प्रवाळ मरतं. भयंकर प्रकार आहे. पण क्लाउनफिशच्या बाबतीत हा मुद्दा तितका लागू नाही. त्याला पकडायला विषाची गरजच फारशी पडत नाही. तो पळून जातच नाही. समुद्रफूल, म्हणजे ज्याला दुकानदार ॲनिमोन म्हणतात, त्याच्या विषारी बोटांत त्याचं घर. धोका दिसला की तो त्या घरातच शिरतो. साधी हातजाळी पुरते. म्हणजे घर न सोडण्याचा जो गुण त्याला माशांपासून वाचवतो, तोच त्याला माणसाच्या हाती देतो.

आणि ते घर कसलं असतं पाहा. एका समुद्रफुलात एक मादी, एक नर आणि काही लहान मासे. बस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने पापुआ न्यू गिनीत यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याला दिसलं की हे मासे उंचीने रांग लावल्यासारखे असतात. प्रत्येक जण आपल्या वरच्यापेक्षा थोडा लहान, आणि खालचा मासा आपली वाढ आवरून धरतो, म्हणजे वरचा त्याला हाकलून देत नाही. वरचा गेला की सगळे एक पायरी पुढे. सरकारी नोकरीतल्या ज्येष्ठता यादीची आठवण होते, मलाच नाही, तुम्हालाही झाली असेल. त्याच संशोधनातून या जातीच्या मादीचं आयुष्य ३० वर्षांपर्यंत जाऊ शकतं असा अंदाज निघाला. एवढ्याशा माशाला तीस वर्षं! आता पाणबुड्याने वरची जोडी उचलली तर काय होतं? दुकानात दोन मासे येतात. तिथे कित्येक वर्षांची रांग मोडते, आणि ती पुन्हा लागून अंडी घालणारी जोडी तयार व्हायला वेळ जातो.

फिलिपिन्समध्येच सेबू बेटाजवळ २००५ च्या सुमारास एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे गोळा करणाऱ्यांच्या एकूण मालातला जवळजवळ ६० टक्के भाग समुद्रफुलं आणि त्यातले मासे यांचाच होता, आणि जिथे पकड चालते त्या भित्तींवर दोन्ही राखीव भागापेक्षा स्पष्टपणे कमी होते. समुद्र मोठा आहे, दुसरीकडून पिल्लं येतील, असं म्हणावं तर त्यालाही मर्यादा आहे. अंड्यातून निघालेली पिल्लं आठ-बारा दिवस प्रवाहात तरंगतात खरी, पण पापुआ न्यू गिनीच्या किंबे बेटाजवळ २००७ च्या एका अभ्यासात आढळलं की तिथे स्थिरावलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटाच्या भित्तीवर जन्मलेली होती. माहेरीच परत आलेली. म्हणजे एक भित्ती रिकामी केली की ती भरून काढायची बरीचशी जबाबदारी तिच्यावरच पडते.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी वकील ठरेन. ही जात नष्ट होण्याच्या काठावर आहे, असं मुळीच नाही. अमेरिकेत २०१२ साली क्लाउनफिशला संकटग्रस्त यादीत घाला असा अर्ज झाला होता. सरकारी शास्त्रज्ञांनी तपासून २०१५ साली सांगितलं, तशी गरज दिसत नाही. तेव्हा 'निमो नामशेष होतोय' ही ओरड बाजूला ठेवा. नुकसान आहे ते त्या त्या भित्तीचं. ते माझ्यासाठी पुरेसं आहे. माझ्या गल्लीतलं वडाचं झाड तोडलं तर वड ही जात जगात भरपूर शिल्लक आहे म्हणून मला समाधान होत नाही.

मग एक चांगला आक्षेप येतो, आणि हा मी अनेक दिवस डोक्यात घोळवला. पकडणारा माणूस गरीब आहे. त्याला भित्तीतून पैसे मिळाले तर तो भित्ती राखेल, नाही मिळाले तर तो दुसरं काहीतरी करेल, कदाचित आणखी वाईट. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीवर कार्डिनल टेट्रा नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा पकडून जगभर विकतात. बार्सेलोस गावाची अर्थव्यवस्था त्यावर उभी राहिली. तिथे काम करणारे लोक उघडपणे सांगतात, जंगलातला मासा घ्या, जंगल वाचेल. आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पूर ओसरला की ते मासे डबक्यांत अडकून असेही लाखोंनी मरतात, बहुतेकांचं निसर्गातलं आयुष्य वर्षाच्या आसपासचं. तिथून थोडे उचलले तर नदीला कळतही नाही.

पण हा युक्तिवाद उचलून समुद्रफुलावर ठेवता येत नाही. वर्षभर जगणारा, लाखोंनी पैदा होणारा मासा वेगळा. तीस वर्षं एका घरात राहणारा, रांगेत थांबणारा मासा वेगळा. एका ठिकाणी 'रानातला घ्या' हे बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी 'रानातला घेऊ नका' हे बरोबर असू शकतं, आणि त्यात विसंगती काहीच नाही. नीती सरसकट 'रान' आणि 'टाकी' या दोन शब्दांवर चालत नाही, माशाच्या जगण्यावर चालते.

पकडणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. तो माझा दुसरा प्रश्न. टाकीतला मासा, ठीक. पण कुणाच्या टाकीतला? अमेरिकेत १९७० च्या दशकापासून हे मासे पैदा होतायत. तिथल्या हौदात जन्मलेला प्रत्येक मासा सेबूच्या पाणबुड्याच्या हातातून जातो, हे कबूल करायला हवं. आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. आपल्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींच्या पैदाशीचं तंत्र बसवलं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायकांना शोभेचे सागरी जीव वाढवायला शिकवण्याचा प्रयोग झाला. आणि आपल्या ऐरोलीला, जिथे आपण फ्लेमिंगो बघायला जातो, तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रात या माशांची हॅचरी आहे. हौद किनाऱ्यावरच्या माणसाच्या अंगणात असेल तर मला ती गोष्ट अधिक आवडते. हे माझं मत. ते सिद्ध करता येणार नाही.

पैदास सोपी आहे असं समजू नका, बरं का. अंडी दगडावर घातली जातात, नर त्यांना पंखांनी वारा घालतो, आठवडाभराने रात्री अंधार पडल्यावर ती फुटतात. पिल्लं इतकी बारीक की त्यांना खायला जिवंत रोटिफर लागतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. त्या रोटिफरना खायला शेवाळ वाढवावं लागतं. म्हणजे एक मासा विकायचा तर आधी त्याच्या अन्नाच्या अन्नाची शेती करा. भाव जास्त का, असं दुकानदाराशी घासाघीस करण्याआधी हे आठवा.

तिसरा प्रश्न त्या माशाचा स्वतःचा. आणि इथे ते घोषवाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. टाकीत जन्मलेला मासा टँकमध्ये बरा राहतो, हे खरं. तो पहिल्या दिवसापासून दाणे खातो. समुद्रातून आलेल्याला प्रवासाचा धक्का असतो, ब्रुकलिनेला नावाचा रोग असतो, जो या माशांना इतका होतो की त्याला क्लाउनफिशचाच रोग म्हणतात. तेव्हा तुलना केली तर टाकीतला जिंकतो. पण आपण तुलनेवर थांबत नाही. आपण म्हणतो, तो टाकीतच जन्मला, त्याला समुद्र माहीतच नाही, मग त्याचं काही बिघडत नाही.

डेरेक पार्फिट नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९८४ च्या आपल्या पुस्तकात एक कोडं मांडलंय. ज्या कृतीमुळे एखादा जीव जन्मालाच आला, त्या कृतीने त्याचं नुकसान केलं असं कसं म्हणायचं? ती कृती केली नसती तर तो असताच कुठे? कोडं खरोखर अवघड आहे, त्यावर मोठमोठी डोकी शिणली आहेत. पण ते विकण्याच्या कामाला लावलं की त्यातून कुठलाही पिंजरा धुतला जातो. वीस लिटरच्या काचेच्या भांड्यात ठेवलेल्या माशालाही म्हणता येईल, मी नसतो तर तू नसतास. जन्म दिला म्हणून पुढचं सगळं माफ? आपल्या समाजात काही आईबाप मुलांना हेच ऐकवतात. मुलांना ते पटलेलं मी पाहिलेलं नाही.

याचंच पुढचं टोक म्हणजे नवे 'डिझाइनचे' मासे. स्नोफ्लेक, पिकासो, प्लॅटिनम अशी नावं. पट्टे फुटलेले, विस्कटलेले किंवा पूर्ण पांढरे. निवडून निवडून जोड्या लावल्या की असे होतात, आणि त्यांची किंमत साध्या माशाच्या कित्येक पट असते. समुद्राचं त्यात नुकसान शून्य. घोषवाक्याच्या हिशोबाने हे सर्वांत नैतिक मासे. मला मात्र ते बघून आपल्याकडच्या चपट्या नाकाच्या, धापा टाकणाऱ्या कुत्र्यांची आठवण होते. पट्टा विस्कटल्याने मासा धापा टाकत नाही, हे मान्य. काळजी मला दिशेची वाटते.

आणि आता तो मुद्दा, ज्यामुळे मी मुळात हे व्याख्यान द्यायचं ठरवलं. दुसऱ्यांदा मी एकटाच दुकानात गेलो. म्हटलं, ब्रीड केलेली जोडी द्या. दुकानदार खूश. लगेच म्हणाला, "काका, सोबत ॲनिमोन घ्या, त्याशिवाय निमो शोभत नाही." मी विचारलं, हा कुठला? म्हणाला, "हा समुद्राचाच, हा कुठे ब्रीड होतोय!" अगदी प्रामाणिक माणूस. काही समुद्रफुलं टँकमध्ये आपोआप दोन होऊन वाढतात, बबल टिप नावाचं तसं आहे. पण ज्या मोठ्या गालिच्यासारख्या समुद्रफुलांत हा मासा निसर्गात राहतो, ती दुकानात दिसली तर बहुधा भित्तीवरून उपटलेली असतात. ती सावकाश वाढतात, फार वर्षं जगतात, आणि नवख्याच्या टँकमध्ये लवकर मरतात. म्हणजे मासा स्वच्छ, आणि त्याच्या शोभेसाठी त्याचं घर चोरीचं! विनोद असा की टँकमध्ये या माशाला समुद्रफुलाची गरजच नाही. तिथे त्याला खायला येणारं कुणी नाही. गरज आहे ती आपल्या डोळ्यांना, कारण आपण सिनेमा पाहिलाय.

मी समुद्रफूल घेतलं नाही. मासेही त्या दिवशी घेतले नाहीत, पण कारण वेगळं होतं. टँक बसवून पाणी 'तयार' व्हायला चार-सहा आठवडे लागतात. जिवाणू वाढावे लागतात, अमोनिया उतरावा लागतो. नातवाला मी सांगितलं, आधी रिकाम्या टँकची काळजी घे. तो रोज शाळेतून आला की नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकतो, रंग बघतो आणि वहीत लिहितो. अजून हिरवाच येतोय, पिवळा यायला हवा.

वेळ झाली आहे, पण एक प्रश्न घेऊ. हां, त्या बाई. ...मी परत सांगतो, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. त्या विचारतायत, "सर, एवढा विचार करायचा तर मासा न घेतलेलाच बरा नाही का?"

बरोबर आहे तुमचं, ते उत्तर सर्वांत सोपं आणि बहुधा सर्वांत निर्दोष. मी त्याला विरोध करणार नाही. पण मी नातवाला शब्द दिलाय. शिवाय एक हिशोब मला नीट घालावा लागला, तो सांगतो. हा मासा नीट सांभाळला तर टँकमध्ये वीस वर्षं जगू शकतो. मी आज त्र्याहत्तर वर्षांचा आहे. म्हणजे भेट माझी, पण मासा माझ्या सुनेच्या पदरात. म्हणून मी आधी तिला विचारलं. तिने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "बाबा, हा बारावीला जाईल तेव्हा टँकची काच मी घासायची नाही, एवढं त्याच्याकडून लिहून घ्या." लिहून घेतलंय. सही अजून व्हायची आहे.